स्वखुशीचा कागद

कुकटपल्लीच्या मागच्या अंगाला, जिथं कंपन्यांची गोदामं संपतात आणि मेकॅनिकांची दुकानं सुरू होतात, तिथं हणमंतरावांची पत्र्याची शेड आहे. आत अठरा बाया सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मांडी घालून केस सोडवतात. केस म्हणजे गुंतवळ. सकाळी विंचरताना फणीत अडकलेला पुंजका बाई बोटाला गुंडाळते, त्यावर थुंकल्यासारखं करते आणि खिडकीच्या कोपऱ्यात खोचून ठेवते, तोच. फेरीवाला येतो, पिशवी हातात तोलतो, स्टीलची वाटी नाहीतर बादली देतो आणि पुंजके घेऊन जातो. बाईला वाटतं, चला, कचऱ्याची वाटी झाली. पुढं त्या कचऱ्याचं काय होतं, हे हैदराबादेतल्या शंभरातल्या नव्व्याण्णव बायांना ठाऊक नाही.

भामाला ठाऊक होतं. गेली बारा वर्षं ती तेच करत होती. गोळा हातात घ्यायचा, बारीक सुईनं एकेक केस मोकळा करायचा, पांढरा वेगळा, काळा वेगळा. मग उभ्या खिळ्यांच्या फळीवरून ओढून काढायचा, लांबीप्रमाणं लावायचा आणि दोऱ्यानं जुडी बांधायची. अशा जुड्यांचे टोप होतात आणि ते समुद्रापलीकडच्या बायकांच्या डोक्यावर चढतात. एखादी जुडी नीट जमली की भामा ती उजेडात धरून बघायची आणि म्हणायची, "जा बाई, तू तरी इमानात बस."

भामा मूळची भालकीकडची. लग्न होऊन हैदराबादेला आली तेव्हा शाळा चौथीत सुटलेली होती. नवरा गोविंद सुलतान बाजारात बाईंडिंगच्या दुकानात कामाला. तो घरी येताना फाटकी पानं आणायचा, पुडीला, चुलीला. भामा चूल पेटवायच्या आधी पान वाचायची. कधी भूगोल, कधी कायद्याचं पुस्तक, कधी अर्धवट पोथी. असं करून तिनं वाचायचं रान मोकळं केलं. तोंड आधीपासून मोकळंच होतं. रेशनवाल्यापासून नगरसेवकाच्या भावापर्यंत तिच्या तोंडाला लागला नाही असा माणूस वस्तीत नव्हता. बाया तिला भामाक्का म्हणायच्या आणि भांडण निघालं की पहिली तिलाच हाक मारायच्या.

एका गोष्टीचा मात्र तिला जन्माचा राग होता. शेडमध्ये येण्याआधी ती गोळ्यांची पाकिटं भरायच्या एका कारखान्यात होती. तिथं एक दिवस मुकादमानं इंग्रजी कागद पुढं केला, बोनसचा आहे म्हणाला, आणि चाळीस बायांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी गेटवर कळलं की चाळीसजणींनी स्वखुशीनं राजीनामा दिलाय. तेव्हापासून भामा न वाचता कशावर सही करत नसे. लेकीच्या शाळेच्या सहलीच्या कागदावरसुद्धा नाही. गुरुजी वैतागायचे. वैतागू देत.

आता शेडचं दुखणं सांगायला हवं. केस हलका असतो. वाऱ्याची झुळूक आली की दिवसभराची मेहनत हवेत. म्हणून शेडच्या चारही खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या, पंखे असून नसल्यासारखे. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापला की आत बसलेल्या बाईला आपण माणूस आहोत की भाजी, हे कळत नसे. त्यात गुंतवळीतून माती उडते, कोंडा उडतो, आणखी काय काय उडतं ते जेवताना सांगण्यासारखं नाही. त्रिवेणी नावाची सव्वीस वर्षांची पोर भामाच्या शेजारी बसायची. तिला दोन वर्षांपासून खोकला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं आणि वर सांगितलं, बाई, तुला गोळीपेक्षा हवा पाहिजे. त्रिवेणीनं गोळ्या घेतल्या. हवा कुठल्या दुकानात मिळते ते तिला कुणी लिहून दिलं नव्हतं.

हणमंतरावांचा माल आधी व्यापाऱ्यामार्फत चीनला जायचा. मग बातमी आली की समुद्रापलीकडच्या एका मोठ्या देशानं चीनच्या एका भागातून येणारा केसांचा माल अडवला. तिथं माणसांना कोंडून, बळजबरीनं कामाला लावतात म्हणून. व्यापारी घाबरले, माल तुंबला आणि शेड चार महिने बंद पडली. भामानं त्या काळात फ्लॅटांत दोन घरची धुणीभांडी केली. त्रिवेणी माहेरी जाऊन राहिली आणि भावजयीची बोलणी खात होती. म्हणून जेव्हा एका परदेशी टोपवाल्या कंपनीनं चीन सोडून सरळ हैदराबादेतून केस घ्यायचं ठरवलं आणि हणमंतरावांचं नाव यादीत आलं, तेव्हा अठराजणींनी शेडमध्ये पेढे वाटले. कंपनीची एक मॅडम जागा बघायला येणार होती. तिनं मान हलवली की वर्षभराचं काम. नाही हलवली तर पुन्हा कुलूप.

मॅडम यायच्या दोन दिवस आधी हणमंतरावांनी एक कागद पुढं केला. इंग्रजी. खाली अठरा सह्यांच्या जागा. बाया सही करायला रांगेत बसल्या. भामानं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली. उद्या देते म्हणाली.

संध्याकाळी तिनं तो लेकीपुढं ठेवला. नेहा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. इंग्रजी फाडफाड, तेलुगू पाण्यासारखी, मराठी बोलायची पण वाचताना अडखळायची. तिनं भेंड्या चिरता चिरता वाचलं आणि मराठीत सांगितलं. आम्ही स्वच्छ आणि हवेशीर जागेत स्वखुशीनं काम करतो. चीनमधल्या कामगारांवर होते तशी कुठलीही जबरदस्ती आमच्यावर नाही. ज्यांचे केस आहेत त्या बायकांनीही ते राजीखुशीनं दिलेत.

"हवेशीर?" भामानं विचारलं.

"वेल व्हेंटिलेटेड लिवलंय, मम्मी. म्हंजे हवा येती तशी जागा."

भामा आधी हसली. राजीखुशीनं दिलेले केस ऐकून तर तिला ठसकाच लागला. फणीनं कधी कुणाला विचारलं होतं का, म्हणाली. मग तिचं हसणं थांबलं. नेहाला ते थांबणं ओळखीचं होतं. तिनं भेंड्या बाजूला सारल्या आणि म्हणाली की मम्मी, टेन्शन नक्को घेऊ, असलं सगळीकडंच लिहितात, कोण वाचतंय.

"मी वाचते ना," भामा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हणमंतरावांच्या टेबलापुढं उभी राहिली. हणमंतराव माणूस वाईट नव्हता. देगलूरहून रिकाम्या हातानं आलेला, अठरा घरं चालवतो याचा त्याला अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता. बायांच्या घरी लग्न असलं की जेवायला येऊन बसायचा. पण घाबरला की तो ओरडायचा, आणि सध्या तो रोज घाबरत होता. कागद मी लिहिला नाही, वरून तसाच आलाय, त्यानं सांगितलं. भामाबाई, चीनवाले काय तुम्हाला कोर्टात खेचणार हाईत का, सही करा आणि जागेवर बसा.

"सेठ, त्या चीनच्या बायांना मी बघितलं न्हाई," भामा म्हणाली. "त्यांना कोंडलं असंल तर कोंडणाऱ्याचं वाटोळं होऊ दे. पण त्यांच्या नावानं मी माझ्या खिडकीचं खोटं का बोलू?"

मागून त्रिवेणी खोकत खोकत म्हणाली, "अक्का, आपल्याला चीनशी काय करायचंय? चार महिने भावजयीच्या घरी तू ऱ्हा, मग सांग."

हे भामाला लागलं. कारण त्रिवेणी खोटं बोलत नव्हती. तिनं कागद टेबलावर ठेवला, सही केली नाही, आणि जाऊन जागेवर बसली. सतरा सह्या झाल्या. अठरावी जागा कोरी राहिली. मॅडमला दाखवायच्या वेळी बघू, असं म्हणून हणमंतरावांनी कपाळाचा घाम पुसला.

मॅडम येणार त्या दिवशी त्यांनी शेडचं रूप पालटलं. आदल्या रात्रीच चुना मारला. प्रत्येकीला पांढरे रबरी हातमोजे दिले, नाकाला पट्टी दिली. आणि हवेशीर लिहिलंय तर हवेशीर दिसलं पाहिजे, म्हणून सुताराला बोलावून चारही खिडक्यांचे खिळे उपटले, पंखे पुसून घेतले. भामा बघत होती. तिनं एकदा तोंड उघडलं, सेठ, खिडक्या उघडल्या तर काय होतंय ठाऊक हाय ना. हणमंतराव म्हणाले, आज तरी तुमचं तोंड बंद ठेवा. भामानं ठेवलं. तिच्या आयुष्यात हे तीन-चार वेळाच घडलं असेल.

हेलन मॅडम अकराला आली. पन्नाशीची, उंच, साधा कॉटनचा कुडता घातलेली. दुभाषी म्हणून नेहाला बोलावलं होतं. बाहेरचा दुभाषी आणला तर भलतंच बोलेल, असा हणमंतरावांचा हिशेब. मॅडमनं नमस्कार केला, बायांमध्ये चटईवर बसली. हे बायांना आवडलं. मग हणमंतरावांनी बटणं दाबली आणि पंखे फिरले.

पहिल्यांदा हलक्या जुड्यांची टोकं हलली. मग सोडवलेला एक पुंजका उठला, मग दुसरा, आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर शेडभर केसच केस. काळ्या धुरासारखे. मॅडमच्या कुडत्यावर, चष्म्यावर, चहाच्या कपात. खिडकीतून वारा आत येत होता आणि पंखा तो गरागरा फिरवत होता. बाया झडप घालून केस धरायला बघत होत्या, पण हातात मोजे. रबराला केस चिकटतो, सुटत नाही. सुई धरता येत नाही, गाठ कळत नाही. सगळ्यांत वयस्क असलेली एकजण मोज्यांना गुंडाळलेले केस सोडवायला गेली आणि दोन्ही हात एकमेकांना बांधून बसली. हणमंतराव बटणाकडं धावले, त्यांच्या तोंडात केस गेला, ते थुंकू लागले. कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. मग अठराही बाया हसल्या. त्रिवेणी हसता हसता खोकायला लागली आणि तिचा खोकला काही थांबेना.

पंखे थांबले. खोकला चालूच होता. मॅडमनं ओठावरचा केस काढला आणि विचारलं, नेहमी कसं असतं इथं?

हणमंतराव नेहाकडं बघत होते. नेहा आईकडं बघत होती. भामानं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि सांगायला लागली. मोजे काल आले. खिडक्या आज सकाळी उघडल्या. रोज त्या बंद असतात आणि का असतात ते तुम्ही आत्ता बघितलं. सेठ आम्हाला कोंडत नाहीत, संध्याकाळी सगळ्या घरी जातो. पण ही पोर हवा नाही म्हणून खोकती. नेहानं सगळं तसंच्या तसं सांगितलं. एका ठिकाणी ती अडखळली तेव्हा आईनं तिच्याकडं बघितलं, आणि तिनं तेही सांगितलं.

मॅडमचा चेहरा उतरला. ती बराच वेळ वहीत लिहीत होती. मग हळू आवाजात म्हणाली की तुम्ही खरं सांगितलं याबद्दल आभारी आहे, पण आमच्या कंपनीचे नियम कडक आहेत, असं काही आढळलं तर आम्हाला त्या जागेचा माल बंद करावा लागतो. वाईट वाटतं. हणमंतराव खुर्चीवर बसले. बसले म्हणजे पडलेच.

भामानं विचारलं की चीनला जाऊन तुम्ही असंच आत बसून बघितलं होतं का?

मॅडमनं मान हलवली. नाही. तिथं आम्हाला आत जाऊच दिलं नाही. कामगारांशी एकटं बोलू दिलं नाही. म्हणून तर बंद केलं.

"किती वर्षं माल घेतल्यावर?"

मॅडमनं मनात मोजलं. पंधरा, सोळा.

मग भामा उठून उभी राहिली. राग आला की ती हळू बोलायची. हे तिच्या घरच्यांना ठाऊक होतं, मॅडमला नव्हतं. "नेहा, एकेक शबद सांग. ज्यानं दार लावून घेतलं, त्याच्याकडून तुम्ही पंधरा वर्षं केस घेतले. आम्ही दार उघडलं, चटई टाकली, खरं सांगितलं, तर आमचं एका दिवसात बंद. मग पुढची शेडवाली काय शिकंल? दार लावायलाच शिकंल. चीनला बोला, जरूर बोला, त्या बायांसाठी कुणीतरी बोललंच पाहिजे. पण तुमचा न्याय म्हंजे दुकान बदलायचा न्याय हाय. चीनच्या बाईलाही त्यानं काय मिळालं न्हाई, आम्हालाही मिळणार न्हाई. तुमचे हात तेवढे स्वच्छ."

नेहानं एक शब्द गाळला नाही.

मॅडमनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, काय केलं तर इथं खिडक्या उघडतील?

हा प्रश्न बारा वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. खिळ्यांची फळी वेगळ्या खोलीत न्या, खरी धूळ तिथं उडते. खिडकीला अशी जाळी लावा की वारा आत यावा पण मंद. मोजे नकोत, नाकाला पट्टी रोज पाहिजे. हणमंतरावांना कंठ फुटला. त्यांनी नेहाला सांगितलं, मॅडमला विचार, तुम्ही जो भाव देता त्यात जाळी कुठून बसवू? मॅडमनं तेही लिहून घेतलं. कबूल मात्र काही केलं नाही. ऑफिसला विचारावं लागेल एवढंच म्हणाली. सह्यांचा कागद भामानंच तिच्या हातात दिला आणि ज्या तीन ओळी तिला पटल्या नव्हत्या त्यांच्यावर बोट ठेवलं. मॅडमनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि गाडीत बसली. तिच्या पाठीवर एक लांब केस तसाच चिकटलेला होता.

मग सात आठवडे काही नाही. जुना थोडा माल होता तो पुरवून पुरवून केला. अठराजणींपैकी निम्म्या एक दिवस, निम्म्या दुसऱ्या दिवशी. हणमंतराव भामाशी बोलेनासे झाले. त्रिवेणी तर जागा बदलून पलीकडं बसली आणि मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायची की काहीजणींना भाषण करायची हौस असते, पोट दुसऱ्यांचं जातं. भामानं उलट उत्तर दिलं नाही. घरी मात्र ती गोविंदला विचारायची, मी चुकले का हो? गोविंद कमी बोलणारा माणूस. तो म्हणायचा, बोललीस ते बरोबर होतं. पुढं काय होईल ते मला काय ठाऊक.

पण त्याच्या डोक्यात जाळी बसली होती. एक दिवस त्यानं पिशवीतून एक कापड काढलं. त्याच्या दुकानाशेजारी लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं, तिथं शाई गाळायला चौकटीवर ताणतात तसलं बारीक जाळीचं कापड. फाटलेले, टाकून दिलेले तुकडे. भामानं ते तोंडाशी धरून फुंकर मारली. हवा जात होती. केस घालून बघितला. केस जात नव्हता.

ती तो तुकडा घेऊन हणमंतरावांकडं गेली. त्यांनीही फुंकर मारली. दुपारी सुतार आला. बायांनी तुकड्याला तुकडा जोडून दुहेरी पडदे शिवले, सुतारानं ते चौकटीत ताणून बसवले, आणि खिळ्यांची फळी मागच्या पडवीत गेली. पंखे काही लावता आले नाहीत. पण चार वाजता पश्चिमेची खिडकी उघडली तेव्हा वारा आत आला, चाळणीतून पडलेल्या पिठासारखा, हळूहळू. मांडीवरची जुडी जागची हलली नाही. त्रिवेणी उठली आणि आपली चटई त्या खिडकीखाली ओढून बसली. भामाच्या शेजारी.

नेहानं जाळ्यांचे आणि पडवीचे फोटो मॅडमला पाठवले, आणि त्यानंतर बारा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. मागणी ठरली होती त्याच्या निम्मी, आणि आधी फक्त सहा महिन्यांची. भाव वाढवला होता, हणमंतरावांनी मागितला तितका नाही, पण जाळी आणि पडवीचा खर्च निघेल इतका. सोबत नवा कागद सहीसाठी. नेहानं शेडमध्ये उभं राहून तो सगळ्यांसमोर वाचला. हवेशीर हा शब्द आता नव्हता. त्याऐवजी कामगारांनी खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि धुळीचं काम वेगळं केलं, अजून काय बाकी आहे ते सहा महिन्यांनी बघायचं, असं होतं. स्वखुशीनं नव्हतं. चीनचं वाक्य नव्हतं.

भामानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. हणमंतराव म्हणाले, आता काय मुहूर्त काढायचा का, भामाबाई? ती म्हणाली, नाही, पण खाली जागा मोकळी आहे तिथं माझं एक लिहून घ्या. आणि नेहाला सांगितलं ते असं की तुम्ही पंधरा वर्षं ज्यांच्या हातचे केस घेतले त्या बाया आता काय करतात, ते विचारून आम्हाला कळवा. विचारता आलं नाही तर तसं कळवा, पण कळवा.

नेहानं लिहिलं. मग भामानं सही केली. मराठीत, मोठ्या अक्षरात, आडनावासकट.

त्या ओळीचं उत्तर अजून आलेलं नाही. सहा महिने संपायला तीन आठवडे आहेत, मॅडम पुन्हा येणार आहे, आणि यावेळी विचारायचे प्रश्न बाया आधीच नेहाकडून लिहून घेतायत. पहिला प्रश्न त्रिवेणीचा आहे. पाठीचा. दिवसभर खाली बसून पाठ मोडते, तिचं म्हणणं, तुमच्या देशात केसांचं काम करणाऱ्या बाया कशावर बसतात, त्याचा फोटो घेऊन या.